दोन पाळ्यांचा बँड

"इकी टाका, मी म्हनस, इकी टाका! ते पितयनं भंगार ठेवाले मना घरमा जागा नही शे. पीठना डबावर ढोल, ढोलवर पिपान्या, पिपान्यास्वर तुमना लाल कोट. भाकरी थापू कोठे? तुमना डोकावर?"

"थाप ना. आज डोकं चांगलं तपेल शे," सुकदेव म्हणाला आणि हातातल्या पिपाणीत जोरानं फुंकला. आत साचलेलं ज्वारीचं पीठ भसकन बाहेर आलं आणि थेट पुष्पाबाईच्या तोंडावर बसलं.

भिंतीला टेकून जेवणारी माणसं खी खी करून हसली. रातभर कापडाचं लूम चालवून नुकतीच आलेली ती माणसं. डोळे लाल, पण दुसऱ्याची फजिती बघायला उघडे.

"हासू नका रे मुडदास्होन!" पुष्पाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि मोर्चा पुन्हा नवऱ्याकडे वळवला. "कुस्ती लढनात, खांदा मोडी लिधा. तमाशा आना, सगया फड महिनाभर आठेच जेवना. व्हिडिओ आना, त्याना मांगे पोलीस उना. आते हाई वाजं. आज शेठना आंडोरनी वरात शे. रस्तामा जर वाजं बंद पडनं, तं सकाय मी सोता भंगारवालाले बलावसू. कबूल शे का?"

कोपऱ्यातून धुडकूनं ताट पुढे केलं. "हां वैनी, माले बी एक भाकर!"

"भंगार म्हनी राहिनी मी, भंगार!"

"व्हई, व्हई. कडक आन."

"हाऊ पाहा तुमना वाजंत्री," पुष्पाबाई सुकदेवला म्हणाली. "याना कानजोडे तोफ उडनी तरी याले वाटी, कोनी चुटकी वाजाडी."

"कबूल," सुकदेव म्हणाला. "आनि बंद नही पडनं तं?"

"तं मी तोंडमातून सबद काढाव नही."

"ते तुले जमाव नही," सुकदेव म्हणाला आणि कोट झटकायला दारात गेला.

खोली सुरतेजवळच्या उधन्याची. पुढच्या अंगाला खानावळ, मागच्या अंगाला संसार, आणि फळीवर, खुंटीला, दाराच्या पाठीमागे, जिथं म्हणून जागा सापडेल तिथं कानबाई ब्रास बँड. शहाण्णव सालचा माघ महिना होता, लग्नाच्या तिथी दाट होत्या. सुकदेव चाळिशी ओलांडलेला गडी. मान जाड, उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता, मिशी मात्र दोन्हीकडून सारखी वर गेलेली. बोलायचा तो मोठ्यानं, कारण पंधराएक वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेली. आपण मोठ्यानं बोलतो हे त्याला ठाऊक नव्हतं. बाकीचेच लोक पुटपुटतात, असं त्याचं मत होतं.

शिंदखेड्याकडून तापी लाइनच्या गाडीनं तो उधन्याला उतरला तेव्हा मिसरूड फुटत होतं. मामेभावानं त्याला शेडमध्ये नेलं, दोन दिवस धोट्याची ये-जा बघायला लावली आणि तिसऱ्या दिवशी मशीनवर उभं केलं. हात चांगला बसला. त्याच्या ताक्यात, म्हणजे कापडाच्या ताग्यात, खोट निघत नसे. पण माणूस निव्वळ ताके काढून जगणाऱ्यातला नव्हता. त्याला नाद लागायचे. दारूचा नाही, पत्त्याचा नाही. त्या नादांना निदान जागा तरी कमी लागते.

पहिला नाद कुस्तीचा. शेडमागं पडीक जागा होती, तिथं त्यानं तापीकाठची माती आणून टाकली, तिच्यात हळद आणि ताक कालवलं आणि आखाडा केला. पुष्पाबाई तेव्हा नवी नवरी. घरात ताक प्यायला नाही आणि नवरा मातीला पाजतो, हे तिनं माहेरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. एका नागपंचमीला पांडेसऱ्याच्या गड्यानं त्याला असा काही आपटला की खांदा जागा सोडून बाहेर आला. ज्या म्हाताऱ्यानं तो बसवला त्याच्याच मागं सुकदेव महिनाभर हिंडला आणि हाड बसवायला शिकून आला. मग त्याच्या दारात लंगडणारे, कण्हणारे लोक येऊ लागले.

नंतर तमाशा. आपल्या माणसांना परमुलखात आपली बोली ऐकायला मिळत नाही म्हणून त्यानं खान्देशातून एक फड आणला. खेळ दणकून झाले. पण फडाच्या मालकाची आणि ढोलकीवाल्याची जुंपली, ढोलकीवाला निघून गेला, आणि फड महिनाभर सुकदेवच्या दारात बसून राहिला. पुष्पाबाई रोज चूल पेटवायची, शिव्या द्यायची आणि शेवभाजी रटारटा शिजवायची. त्या वासानं गल्लीतली एकटी राहणारी पोरं येऊन बसायला लागली. फड गेला, पोरं गेली नाहीत. खानावळ अशी सुरू झाली.

मग विनापरवाना सिनेमे दाखवायला व्हिडिओ आला. तो पोलिसांनी नेला, बाकडी मागं राहिली. ती खानावळीत कामाला आली. मग भरताच्या वांग्यांचं डोक्यात घेतलं. सुरतेचं वांगं भाजलं की पाणी सोडतं, त्याला आपल्याकडच्या हिरव्या वांग्याची सर नाही, यावरून एका पंगतीत वाद झाला आणि पुढच्या आठवड्यात सुकदेव एसटीच्या टपावर वांग्याच्या पाट्या बांधून हजर. त्या वांग्यांच्या पायी लूम सुटलं आणि टेम्पो आला. टेम्पो मोकळा उभा राहू नये म्हणून उधन्याचे कोरे ताके सचिन गावच्या मिलमध्ये रंगवायला न्यायचं भाडं धरलं. चौऱ्याण्णवला प्लेगाच्या भीतीनं अर्धी सुरत पळाली, तेव्हा त्याच टेम्पोनं त्यानं गल्ली नवापूरपर्यंत पोचवली, आणि परत आणायलाही तोच गेला. परतलेल्यांना पहिलं गरम जेवण पुष्पाबाईच्या चुलीवरचं मिळालं.

असं त्या घराचं चालायचं. नाद नवऱ्याचा असायचा आणि निभावून न्यायची बायको. सुकदेवला हे मान्य नव्हतं. पुष्पाबाईला मान्य होतं, आणि तेच तिचं भांडण होतं.

बँडची गोष्ट मात्र निराळी. श्रावणात खान्देशच्या कानबाई देवीची मिरवणूक निघते. आपल्याकडे ती घरची लेक असल्यासारखी वाजतगाजत जाते. पंचाण्णव साली गल्लीनं शहरातला बँड ठरवला होता. तो ऐनवेळी दुसरीकडे गेला. कानबाई थाळ्या वाजवत न्यावी लागली. सुकदेव त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन तो नंदुरबारकडे गेला आणि मोडलेल्या एका बँडचं सगळं सामान घेऊन आला. ढोल, ताशे, पिपाण्या, लाल कोट, झालरीच्या टोप्या. ट्रम्पेट हा शब्द कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळ्या पितळी वाद्यांचं नाव पिपाणी.

वाजवणारे कोण? लूमवालेच. दुसरं होतं कोण? पण लूम चोवीस तास चालतं. निम्मे दिवसा मशीनवर, निम्मे रात्री. सुकदेवनं त्याचाही मार्ग काढला. दिवसाच्या वरातीला रातपाळीवाले वाजवणार, रात्रीच्या वरातीला दिनपाळीवाले. कोट तेवढेच, पिपाण्या तेवढ्याच, माणसं दुप्पट. धुडकूच्या अंगाला कोट घट्ट व्हायचा आणि तोच कोट दिनपाळीच्या ढोलवाल्या किसनच्या अंगावर दोन ठिकाणी रिकामा राहायचा.

हा किसन परभणीकडचा. आधी हजीऱ्याला कंपनीच्या बांधकामावर होता, मग उधन्यात लूमवर आला. खान्देशी माणूस ळ कशाला म्हणेल, तो त्याचा य करून मोकळा होतो. पहिल्याच दिवशी सुकदेव म्हणाला, "आपला बँड दोन पायीना शे." किसन म्हणाला, "माणूसच दोन पायाचं ऱ्हातंय की दादा, बँडचं काय नवल?" पाळीची पायी होते हे कळल्यावर तो दिवसभर हसत राहिला. बँडचं नाव ऐकल्यावर तर जास्तच. "बहिऱ्यायचा बँड आन् नाव कानबाई! म्या म्हन्तो देवीला तरी ऐकू यावं आपलं."

बहिरेपणाची ही अडचण खरी होती. ताल सगळ्यांचा पक्का, कारण लूमचा ठेका हाडात गेलेला. पण 'हळू', 'थांब', 'आता उचल' हे सांगायचं कसं? सुकदेवनं शेडमधलीच भाषा घेतली. लूमच्या आवाजात तोंडाचं काम नसतं, तिथं हात बोलतात. दोन बोटांची कात्री केली की तार तुटली. अंगठा ओठाला लावला की चहा आला. मूठ गोल फिरवली की पाळी बदलली. आणि मिशीला पीळ दिला की शेठ आला! मग ज्याच्या तोंडात बिडी असेल त्यानं ती काढायची आणि दोन्ही हात मशीनवर ठेवायचे. हे हात दाखवून सुकदेव पुढं चालायचा आणि बँड मागून वाजायचा. रेल्वेच्या रुळापलीकडं माळावर त्यांनी पावसाळा संपेपर्यंत तालीम केली. तिथल्या म्हशी आधी बुजायच्या, पुढं रवंथ करत ऐकू लागल्या. सुकदेवनं ती चांगली खूण मानली.

पण वाजवलं कुठं, तर गल्लीतल्या बारशांना, जावळाला, एखाद्या खान्देशी लग्नाला. सुरतेच्या बाजारपेठेत कानबाई बँडचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ते व्हावं, हा सुकदेवचा ध्यास. आखाडा गेला, तमाशा गेला, त्याला वाईट वाटलं नव्हतं. नवं काही मिळालं की जुनं तो सोडून द्यायचा. या बँडच्या पलीकडं मात्र त्याला काही दिसत नव्हतं. लाल कोट घालून पुढं चाललं की मागून येणारा ढोल छातीत घुमायचा. कानानं जे जात चाललं होतं ते छातीला मिळत होतं. हे तो कुणाला बोलला नाही. पुष्पाबाईला तर मुळीच नाही.

म्हणून जसवंतभाईंनी बोलावलं तेव्हा तो उडालाच. जसवंतभाई लूमचे मालक, जुने सुरती. धुडकू, किसन आणि बँडमधले बरेच जण त्यांच्याच शेडमध्ये. "मारा ज कारीगर वगाडे तो बहारथी केम बोलावुं?" शेठ म्हणाले. घरचेच कारागीर वाजवत असताना बाहेरचा बँड कशाला, असं त्यांचं म्हणणं. मुलाचा वरघोडा, म्हणजे वरात, उधन्यातून निघून लग्नाच्या वाडीवर जायचा. दिवेलागणीला, सातच्या आत पोचायचा. रस्त्यात वाद्य थांबलं तर अपशकुन, तेवढं सांभाळायचं.

"आणि शेठ, त्या दिवशी रातपाळीवाल्यांना थोडा उशीर चालेल ना?"

शेठ हसले. "अरे सुकदेव, लग्न मारा दीकरानुं छे, मशीननुं नथी. खाडो नई चाले."

खाडा चालणार नाही. घरच्या लग्नातही नाही. सुकदेवला राग आला नाही. त्यांच्या जागी तो असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं.

दुपार कलली तेव्हा रातपाळीवाले झोप मोडून, कोट चढवून शेठच्या दारात उभे होते. वरातीत डोक्यावर ट्यूबलाइटची बत्ती धरणाऱ्या बायका पुष्पाबाईच जमवून आणायची. गल्लीतल्या बायांना चार पैसे सुटायचे. त्या दिवशीही ती आली, बायांच्या ओळीत सगळ्यात पुढं.

"पाहाले उनी का?" सुकदेवनं विचारलं.

"बत्ती धराले उनी. तुमले कोन पाहास?"

घोडा आला, नवरदेव तयार झाला. फक्त नवसारीचे मामा आले नाहीत, आणि मामाशिवाय भाचा घोड्यावर बसेना. माणसं रस्त्याकडे बघत राहिली. बँडवाले उभ्या उभ्या जांभया देऊ लागले. ऊन भिंतीवरून सरकत छपरावर गेलं तेव्हा मामांची गाडी आली. आधी पोट उतरलं, मग मामा.

वरघोडा निघाला तेव्हा सुकदेवच्या लक्षात सगळं आलं. वाडी लांब. सातला पाळी बदलणार. धुडकू आणि बाकीचे सातला मशीनवर नसले तर त्यांच्या जागी बदली उभे राहणार आणि नोकरी जाणार. कोटांचा एकच जोड. नवे वाजंत्री शेडमधून सुटायच्या आत जुने जाणार. म्हणजे मधल्या रस्त्यात वाजं बंद पडणार आणि सकाळी भंगारवाला दारात येणार.

त्यानं मागं वळून धुडकूकडे पाहिलं. ढोल बडवत धुडकूनं भुवया उडवल्या, काय करायचं? आणि सुकदेवला एकदम हसू आलं. शेडमध्ये पाळी बदलते तेव्हा लूम कोण बंद करतं? येणारा येऊन शेजारी उभा राहतो, जाणारा एक हात काढतो, येणारा एक हात घालतो, आणि मशीनला कळतही नाही की माणूस बदलला. मग माणसांच्या बँडला का कळावं?

त्यानं वरातीचा रस्ताच बदलला. "शेठ, आपल्या शेडवरून नेऊ. कारीगर नवरदेवाला बघतील, आशीर्वाद देतील." जसवंतभाईंना ते पटलं. शेडच्या तोंडाशी वरात आली तशी पाळी सुटली. किसन, पिपाणीवाला योगेंद्र आणि बाकीचे दिनपाळीवाले तेलकट हातांनी बाहेर आले. सुकदेवनं हात वर करून मूठ गोल फिरवली.

सगळ्यांना कळलं. किसन धुडकूच्या शेजारी चालू लागला. धुडकूनं उजवी टिपरी त्याच्या हातात दिली. आता ढोलावर एक टिपरी धुडकूची, एक किसनची. ढोलाचा पट्टा एका मानेवरून दुसऱ्या मानेवर गेला, मग डावी टिपरी गेली, आणि ठेका जागचा हलला नाही. कोटाची एक बाही धुडकूच्या अंगात, दुसरी किसनच्या. काही पावलं दोघं एकाच कोटात चालले. ताशेवाल्यांचंही तसंच. पिपाणीवाले मात्र सगळे एकदम बदलू शकत नव्हते. एकानं फुंकत राहायचं, दुसऱ्यानं उष्टी पिपाणी कोटाला पुसून पुढच्याच्या तोंडात द्यायची. ते योगेंद्रनं नीट जमवलं. बायका बत्त्या धरून दोन्ही बाजूंनी चालत होत्या, नाचणाऱ्यांची गर्दी पुढं होती. वरातीतल्या कुणालाही पत्ता लागला नाही. धुडकू टोपी काढून पळत शेडमध्ये शिरला. त्याचं लूम त्याची वाट बघत खटाखटा चालतच होतं.

सुकदेवनं एकवार मागं पाहिलं. नवा बँड जागच्या जागी. सगळं जमलं होतं. तो पुढं वळला, छाती काढली, आणि आनंदानं त्याचा हात आपसूक वर गेला. त्यानं मिशीला पीळ दिला.

मागं दिनपाळीवाल्यांनी ते पाहिलं. दिवसभर मशीनवर राबून नुकतेच बाहेर आलेले गडी ते. डोक्यानं विचार करायच्या आधी अंगानं केलं. शेठ आला! पिपाणीवाल्यांनी चटकन तोंडातली पिपाणी काढली, खाली धरली आणि दोन्ही हातांनी गच्च पकडून सरळ उभे राहिल्यासारखे चालू लागले. शेठ तर खरंच समोर चाललेले होते, त्यामुळे शंका यायलाही जागा नव्हती. ढोल-ताशेवाल्यांचे हात आधीच कामावर होते, ते तसेच चालू राहिले.

पुढं सुकदेवला काही कळलं नाही. ढोल छातीत घुमत होता. त्याच्या लेखी बँड चालू होता.

पण ज्यांना कान होते त्यांना कळलं. नाचणाऱ्या पोरी थबकल्या. नवसारीच्या मामांनी मान वळवली. "ए, शुं थयुं? बंध केम थई गयुं?"

पुष्पाबाई ओळीत पुढं होती. बंद पडलेल्या पिपाण्या तिनं पाहिल्या, मिशीवर हात असलेला नवरा पाहिला. सकाळी तिनं जे मागितलं होतं ते तिच्या समोर आयतं होतं. आता फक्त गप्प राहायचं होतं. आणि तिला ते जमलं नाही. डोक्यावर बत्ती, एक हात तिला लावलेला, दुसरा कमरेवर ठेवून तिनं ढोलाचा ठेका धरला आणि खड्या आवाजात मामांवरच गाणं जुळवून सोडलं,

"मामानं पोट उनं पुढे, मामा उना मांगे,
घोडं म्हने देवा मना, नको बसू आंगे!"

बत्तीवाल्या बायांनी ते लगेच उचललं. लग्नात पाहुण्यांना शिव्या घालायला आपल्या बायांना शिकवावं लागत नाही. सुरती बायांना अहिराणी कळत नव्हती, पण मामा कळला, घोडा कळला, आणि पोट तर समोरच होतं. त्या खदखदून हसल्या. त्यांच्यातही अशी गाणी असतात, फटाणां म्हणतात त्यांना. नवरदेवाच्या एका आत्यानं लगेच गुजरातीत उलटं फटाणुं सोडलं. इकडून पुष्पाबाईनं दुसरं जुळवलं. मधे किसनचा ढोल रंगात आला. मामा आधी फुगले, मग सगळेच हसतात म्हटल्यावर दोन्ही हात वर करून नाचायला लागले.

गाण्याच्या त्या गोंधळात पुष्पाबाई योगेंद्रजवळ सरकली आणि कोपरानं त्याची बरगडी शेकली. "फुक रे मुडदा, फुक! लूमवर उभा शे का वरातमा?"

योगेंद्र भानावर आला. पिपाण्या पुन्हा वर गेल्या.

वाडीच्या दारात जसवंतभाईंनी सुकदेवच्या पाठीवर थाप मारली. "वचमां बैरांओनुं गीत मूक्युं, ए बौ हारुं कर्युं हां!"

मधे बायकांचं गाणं घातलं ते फार छान केलं, असं शेठ म्हणत होते. सुकदेवला गाण्याचं काहीही ठाऊक नव्हतं. पण तो धंद्यातला माणूस. "शेठ, वो तो अपना खास आयटम है," म्हणाला आणि मोकळा झाला.

सकाळी पाळी बदलायच्या आधीच तो खानावळीत आला तो फुशारकी मारतच. "काय मंग? वाजं बंद पडनं का?"

"पडनं," पुष्पाबाई म्हणाली. तिचे हात पिठात होते.

"कव्हय?"

"तुम्ही मिशीले पीय दिधा तव्हय."

सुकदेवनं योगेंद्रकडं पाहिलं. योगेंद्र ताटावर वाकला. "दादा, तुम्हीच तं हात दिधा. शेठ उना म्हनीसन आम्ही तोंडमातून काढी लिधं."

"आनि ढोल?"

"ढोल कसा थांबंल?" किसन म्हणाला. "माझ्या तोंडात काय व्हतं काढायला?"

सुकदेव खाली बसला. त्याला हळूहळू सगळं उमगलं. शेठची थाप, खास आयटम, नाचणारे मामा. तो दचकून बायकोकडं बघत राहिला आणि मग इतका हसला की बरगड्या दुखल्या. हसू ओसरल्यावर मात्र तो उठला. शब्दाचा तो पक्का होता. पिठाच्या डब्यावरचा ढोल त्यानं उचलला आणि दारात नेऊन ठेवला. पिपाण्या काढायला लागला. "बलाव मंग भंगारवालाले. मी हारनू."

 

तेवढ्यात दारात एक माणूस आला. पर्वत पाटिया भागातल्या एका कापडवाल्या शेठनं त्याला धाडलं होतं. काल तो शेठ वरातीत होता. "बँड आपका है? हमारे यहाँ फागण में शादी है. पर वो गानेवाली औरतें चाहिए. वो आगे वाली, जिसने मामा को धोया."

सुकदेव बोलायला तोंड उघडणार, तोच पुष्पाबाई पिठाचे हात घेऊनच पुढं झाली. "बँड भी मिलेगा, औरतें भी मिलेंगी. लेकिन औरतों की बात मेरे से करने की. बत्ती का अलग, गाने का अलग. और तुम्हारे मामा का नाम पहले से लिख के देने का, गाना बनाने को टाइम लगता है."

माणूस हसत हसत कबूल झाला आणि दिवस ठरवून गेला.

"बंद पडनं व्हतं ना?" सुकदेवनं हातात पिपाणी तशीच धरून विचारलं.

"ढोल चालू व्हता. मी चालू व्हती. बंद काय पडनं?" पुष्पाबाई चुलीकडं वळली. "पन याना पुढे वरातमा तुम्ही दोन्ही हातमा काठी धरानी. आनि पिपानीले ज्याले ऐकू येस असा एक तरी मानूस आना. लूमवाला नको. कपडा शिवनारा आना, न्हावी आना, कोन बी आना, कानवाला आना. आनि तो ढोल दारमातून उचला, मानसे ठेचकाई राहिनात."

"तू सबद काढाव नही म्हंतीस ना?"

"तुम्ही म्हंतात ना, माले जमाव नही?"

किसन, योगेंद्र पाळीवर पळाले आणि रातपाळी करून धुडकू आला. तो हात धुवून बसला आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "काय व्हयनं? कोना मामा मरना?"

कुणी त्याला सांगत बसलं नाही. ढोल आत आला. पिठाच्या डब्यावर नाही, बाकड्याखाली. सुकदेवनं दोन भाकरी फडक्यात बांधून घेतल्या आणि बाहेर पडला. शेडपाशी रातपाळीचे ताके निघून पडले होते. त्यानं टेम्पोचा मागचा फाळका पाडला, पहिला ताका चांगल्या खांद्यावर घेतला आणि आत रचला. मग दुसरा. भरल्यावर ताडपत्री ओढून दोर आवळला, गाठ दोनदा ओढून बघितली. सचिनच्या मिलमध्ये दुपारच्या आत माल पोचला नाही तर आजचा रंग चुकतो. त्यानं चावी फिरवली, टेम्पो खोकला, धूर ओकला आणि नवसारी रोडला लागला.